गाडी नेली, राखणदार तिथेच राहिला

आधीच सांगते, म्हणजे नंतर कमेंटमध्ये वाद नको — मी विज्ञानाची शिक्षिका आहे. आर्णीच्या शाळेत गेली एकवीस वर्षं आठवी-नववीला शिकवते. वर्गात कुणी भुताखेताचं नाव काढलं की त्याला फळ्यापाशी उभं करून बाष्पीभवनाची व्याख्या म्हणायला लावणारी बाई मी. इथले अनुभवसुद्धा मी बऱ्याचदा हसायलाच वाचायचे. आज स्वतःच लिहायला बसलेय याचं मला हसू येतंय... आणि खरं सांगायचं तर येत नाही.

नावं बदलली आहेत. बाकी जसं घडलं तसं.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझे सासरे, आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात, शहात्तर वर्षांचे. आर्णीपासून जवळच्या खेड्यात आमची शेती आहे, कापूस-सोयाबीन-तुरीची. मामाजींच्या हृदयाची झडप खराब झाली होती. माझे दीर बंगळूरला असतात, त्यांनी तिथल्या दवाखान्यात ऑपरेशनचं सगळं ठरवलं. नागपूरहून विमान. जाणार आम्ही तिघं — मामाजी, मी आणि माझे मिस्टर सुनील.

आता सुनीलचा स्वभाव सांगायलाच हवा. वडिलांचं एवढं मोठं ऑपरेशन, आणि या माणसाला घोर कशाचा, तर गाडीचा! घेऊन चारच महिने झालेली पांढरी गाडी दहा-बारा दिवस परक्या गावात कशी सोडायची? मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून त्यांनी एक अख्खा कागद लिहून काढला. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरायची. कागदपत्रं, चष्मा, पिशवी, काही म्हणता काही आत दिसू द्यायचं नाही. हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही, गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावायचा. किल्ली कुणाकडे द्यायची नाही. चारही बाजूंनी फोटो, वर मीटरच्या आकड्याचा फोटो. मी म्हटलं, "अहो, बापाचे तरी काढले का एवढे फोटो?" तर म्हणे, "बाबाले कोन चोरून नेते!"

कुणाच्या तरी ओळखीतून विमानतळाजवळ एक खाजगी पार्किंग मिळालं. मोकळं मैदान, भोवती तारेचं कुंपण, एका कडेला टिनाचं शेड. शेडमधल्या जागा भरलेल्या होत्या, म्हणून आमची गाडी अगदी टोकाला, बाभळीच्या झाडाशेजारी उघड्यावर लागली. तिथला चौकीदार देवराव म्हणून, साठीच्या आसपासचा, भंडाऱ्याकडचा माणूस. त्याने गाडीचा नंबर वहीत लिहिला, माझा मोबाइल नंबर घेतला. सुनील त्याला एकच गोष्ट चार वेळा बजावत होते. मी सामान उतरवत होते. मामाजी मात्र गाडीजवळच रेंगाळत होते.

त्यांनी खिशातून मारुतीच्या अंगाऱ्याची पुडी काढली. वाटलं, गाडीला लावतील चिमूटभर. पण ते वाकले — ऑपरेशनला निघालेला माणूस! — आणि गाडीभोवती जमिनीवर त्या राखेची बारीक रेघ ओढत एक पूर्ण फेरी मारली. पूर्वी खळ्यावर धान्याची रास पडली की अशीच रेघ ओढायचे. राखणदार रेघेच्या आत. मालक परत येऊन "झाली राखण" म्हणेपर्यंत त्याने रेघ ओलांडायची नाही, अशी आमच्या गावाकडची रीत. आता मळणीयंत्रातून धान्य सरळ पोत्यात जातं, तेव्हा ना खळं राहिलं ना रेघ. मी हे फक्त ऐकून होते.

रेघ पुरी झाली आणि मामाजी म्हणाले, अगदी रोजचं बोलावं तसं, "राख गनपत. मी येतो तोवर हलू नोको."

आणि बोलून झाल्यावर दचकले. माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच काही बोलले. आयुष्यातलं पहिलं विमान, खिडकीची जागा, पण बंगळूर येईपर्यंत त्यांनी बाहेर पाहिलं नाही.

हा गणपत कोण, ते मला माहीत होतं. आमच्या घरात आलेल्या प्रत्येक सुनेला ती गोष्ट पहिल्या महिन्यातच ऐकवली जाते. पन्नासेक वर्षांपूर्वीची. मामाजींचे वडील नुकतेच वारले होते, सगळी शेती चोविशीतल्या मामाजींवर आली होती. गणपत आमचा सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. ज्वारीची रास खळ्यावर पडलेली, आभाळ भरून आलेलं आणि गणपत तापाने फणफणलेला. मामाजी म्हणाले, "तू घरी जाय गनपत, मी बसतो." तर म्हणे, "मालक, रास घरी गेल्याबिगर मी हलत नाही." आणि तिथेच, खळ्याच्या मधल्या खांबाला, मेढीला टेकून त्याने प्राण सोडला. रास शाबूत. काय ती इमानदारी! मी ही गोष्ट शाळेतसुद्धा मुलांना सांगितली आहे, मूल्यशिक्षणाच्या तासाला.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, महिनाभर प्रवास नाही. मामाजींना दिराकडे ठेवून आम्ही दोघं बाराव्या दिवशी परत आलो. सुनीलना कधी एकदा गाडी बघतो असं झालं होतं.

दुपारचे बारा-साडेबारा असतील. मे महिन्यातलं नागपूरचं ऊन. शेडमधल्यासुद्धा सगळ्या गाड्यांवर बोटभर धूळ. दोन दिवसांपूर्वी वादळ होऊन गेलं होतं, शेडचा एक पत्रा उडालेला. आणि आमची गाडी, बाभळीखालची, उघड्यावरची — स्वच्छ. एक पान नाही, पाखराची घाण नाही. सुनीलनी मोबाइलमधला फोटो काढून ताडून पाहिलं. मीटरचा आकडासुद्धा तोच. खूश झाला माणूस.

मी खाली बघत होते. राखेच्या रेघेच्या आतून, गाडीच्या चारही बाजूंनी, जमीन तुडवून तुडवून गुळगुळीत झाली होती. बैल फिरवल्यावर खळ्यात होते तशी.

देवराव म्हणाला, "ताई, तुमचा मानूस लई इमानदार. पन त्याच्या जेवनाची काही सोय करून जाची होती न."

"कोणता माणूस?"

"ते बाबा. धोतर, अंगात बंडी. डाव्या पायानं लंगडते. दिवसभर गाडीभोवती फिरून राह्यले. मी पानी देल्लं तं घेत नाही, शेडात या म्हटलं तं येत नाही. म्हनते, मालक येईपर्यंत हलता येत नाही."

मला वाटलं, बक्षिसी मागायची ही नवी तऱ्हा दिसते. सुनीलनी त्याला चहापाण्याला दिलेही. गाडी सुरू केली, राखेवरून चाकं घालून आम्ही बाहेर पडलो आणि दिवस मावळायच्या आत आर्णीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला देवरावचा फोन.

"ताई, गाडी नेली तुम्ही, पन मानूस इथंच राहून गेला."

मी चिडलेच. म्हटलं, आमचं कुणी नाही तिथे. तो म्हणाला, "तुमची जागा रिकामी हाये न, तिच्याभोवतीच फिरून राह्यले ते. पंचेचाळीसचं ऊन हाये ताई, मरून जाईल. घेऊन जा त्याले." मी फोन ठेवून दिला. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर त्याने फोटो पाठवला. खाली लिहिलेलं — हे पहा, बाभळीजवळ उभे आहेत.

फोटोत कुणी नव्हतं. रिकामी जागा, बाभूळ, कुंपण. मी फोटो मोठा करून करून पाहिला. माणूस नव्हता, पण रेघ होती. जिच्यावरून आमची चाकं गेली होती ती राखेची रेघ, कुठेही न तुटलेली.

सुनील म्हणाले, ऊन लागलं असेल त्याला, नाहीतर घेत असेल थोडी. मीही हो म्हटलं. पण देवरावचा फोन रोज यायला लागला. कधी रागाने, कधी अगदी गयावया करून. तिथला रात्रपाळीचा चौकीदार त्याला वेड्यात काढत होता, त्याला काहीच दिसत नव्हतं. "मले एकट्यालेच काहून दिसते हो ताई?" असं त्याने विचारलं तेव्हा पहिल्यांदा मी त्याचा फोन मध्येच ठेवून दिला नाही. बक्षिसी मागणारा माणूस असा रडवेला होत नाही.

चौथ्या दिवशी मामाजींशी बोलताना मी गंमत म्हणून हे सांगितलं. गंमत म्हणूनच, देवाशपथ.

त्यांनी एवढंच विचारलं, "कोन्त्या पायानं लंगडते?"

"डाव्या."

"वैशाली, मले नागपूरले ने."

त्या दिवसापासून मामाजींनी जेवण सोडलं. दिराचा फोन, जावेचा फोन. डॉक्टर म्हणाले, जखम भरायची आहे, मनावर ताण नको, असं चाललं तर केलेलं सगळं वाया जाईल. गोळ्यासुद्धा थुंकून टाकायला लागले. दिरांनी हात जोडले तर म्हणाले, "तो तिकडं उनात उभा हाये आन मी इथं एसीत गोया खाऊ?" कोण उभा आहे, काय आहे, एक शब्द जास्त सांगायला तयार नाहीत. आम्हाला रात्रंदिवस एकच भीती — या हट्टापायी हा माणूस हातचा जातो.

शेवटी अडीच आठवड्यांनी डॉक्टरांनीच नाइलाजाने परवानगी दिली. दीर त्यांना घेऊन आले. आम्ही विमानतळावर चाकाची खुर्ची घेऊन उभे. मामाजी निम्मे झाले होते. गाडीत बसल्या बसल्या म्हणाले, "आधी तिथं."

सकाळचे अकरा वाजले होते. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, सुरू होता. गाड्यांचे पत्रे डोळ्यांना टोचत होते. देवराव धावत आला आणि मामाजींना बघून थांबला. मी मुद्दाम लक्ष ठेवलं होतं — त्याला आम्ही गणपतचं नाव, गाव, काहीही कधी सांगितलेलं नव्हतं. बाभळीजवळची ती जागा तशीच रिकामी होती. तिथे कुणीच गाडी लावत नव्हतं म्हणे, लावायला गेले की गाडी बंद पडायची.

मामाजी खुर्चीतून उठले. दिरांनी धरायला हात पुढे केला तो झटकला. रेघेशी जाऊन उभे राहिले आणि खणखणीत म्हणाले, "गनपत, मी आलो गा. झाली राखन. जाय आता घरी."

मला काहीच दिसलं नाही. ऊन, पाचोळा, बस्स. मी देवरावकडे बघत होते.

"गेला का?" सुनीलनी हळूच विचारलं.

देवराव मान हलवून म्हणाला, "नाही जी. पाहून राह्यले यायच्याकडं. वयखत नाही म्हनते." मग थोडा वेळ कान देऊन ऐकल्यासारखं केलं. "म्हनते, हे म्हतारबाबा कोन? माह्या मालक जवान गडी हाये. सांजच्याला येतो म्हनून शंकरपट पाहाले गेला."

शंकरपट म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या शर्यती. पण त्या गोष्टीत शंकरपट कुठून आला? गोष्टीत तर मामाजी खळ्यावरच होते. गणपतला घरी जा म्हणत होते... मी वळून मामाजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, ऑपरेशनला आत नेतानासुद्धा नाही.

ते त्या तापलेल्या मातीत खालीच बसले. आम्ही धावलो तर ओरडले, "दूर राहा!" मग त्या रिकाम्या जागेकडे बघत बोलायला लागले. मी ते जसंच्या तसं लिहिते, कारण मला ते विसरता येत नाही.

"मीच हावो गनपत. पटाले मीच गेलतो. तुह्या अंगात ताप होता, मले दिसत होता. तू म्हनला, मालक, आज कोनी दुसरा पाहा न. मी म्हनलो, सांजच्याला येतो, हलू नोको. आन तिकडं आपली जोडी निंघाली न गा पह्यली... दोस्त म्हने थांब, मी थांबलो. तीन दिवस थांबलो. तुही यादच नाही आली मले. आलो तं तू मेढीले टेकून होता. मले वाटलं उभाच हाये." त्यांना दम लागला. "आन मंग मी गावाले सांगतलं, मी जा म्हनलो होतो, त्यानंच आयकलं नाही. पन्नास वर्स हेच सांगतलं. पोराले सांगतलं, सुनाइले सांगतलं. खोटं हाये ते. तू काही इमानापायी नाही मेला. मी इसरलो म्हनून मेला."

सुनीलनी तोंड फिरवलं होतं. रस्त्यावरून ट्रक जात होते. देवरावने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

मग तो म्हणाला, "वयखलं जी. म्हनते, हो, हाच माह्या मालक." आणि त्याची नजर हळूहळू सरकायला लागली... बाभळीपासून, आमच्या मधून, फाटकाकडे. नजर माझ्या उजव्या खांद्याजवळून गेली. वारा नव्हता, वास नव्हता, थंडगार वगैरे काहीही वाटलं नाही. फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत जाऊन ती नजर थांबली. मी खाली पाहिलं. रेघ नव्हती. पुसलेली, उडालेली असं नाही. तिथे नुसती माती होती.

मामाजींनी विचारलं, "काही म्हनला का जाताना?"

देवरावला सांगावं की नाही कळेना. शेवटी म्हणाला, "म्हनले, मालक लई थकले. त्याइले उनातून उठवा, सावलीत न्या."

त्यावर मामाजी जे रडले... "शिव्या देऊन जाता तं बरं झालं असतं," एवढंच परत परत म्हणत होते.

परतीच्या वाटेवर त्यांनी आर्णीच्या घरी न थांबता गाडी सरळ गावाकडे घ्यायला लावली. गणपतची मुलगी कुंताबाई गावातच राहते, माहेरच्याच घरात, साठीची आहे. बाप गेला तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. अंगणात तुरीची डाळ पाखडत बसली होती. मामाजींना या अवस्थेत दारात बघून सूप ठेवून उठली, बाज टाकली. मामाजी बाजेवर बसले नाहीत. उभ्यानेच तिला सगळं सांगितलं — शंकरपट, तीन दिवस, नंतरचं खोटं. पार्किंगमधलं काहीच सांगितलं नाही.

आता तुम्ही मला विचाराल की हे काय होतं. मला माहीत नाही. देवरावला शंकरपटाचं कसं कळलं? मी स्वतःला पुष्कळ उत्तरं देऊन पाहिली, विज्ञानाची शिक्षिका आहे ना मी. एकही उत्तर टिकत नाही. तो फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. देवरावचा फोन त्यानंतर एकदाच आला, मामाजींची तब्येत विचारायला. मामाजी बरे आहेत, जेवतात, गोळ्या घेतात. सालदाराची गोष्ट आमच्या घरात आता कुणी सांगत नाही, आणि वर्गात ती सांगितली होती याची मला लाज वाटते.

पण मी ऊन-वाऱ्याचा, राखेचा विचार फारसा करत नाही. मला आठवते ती कुंताबाई. तिने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही. पदराने हात पुसले आणि म्हणाली,

"माय तिन्ही दिवस भाकर घेऊन खळ्यावर गेलती जी. बाप तिले म्हने, मालक पटावरून येऊनच राह्यले. आमाले तं तवापासून माईत होतं. तुमालेच सांगाले इतके वर्स काहून लागले?"

मामाजी उभेच होते, आणि तिनेही त्यांना परत बसा म्हटलं नाही.